दोन ग्लासांचा खेळ आणि साडेअठरा हजारांचा फिल्टर

ओझरच्या पुढे, द्राक्षबागेतच आमचं घर. पिण्याचं पाणी बोअरचं. पोरगी बाळंतपणाला आली, नात महिन्याची झाली, अंगावरचं दूध पुरेना म्हणून डॉक्टरांनी पावडरचं सुरू केलं. नेमका त्याच आठवड्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक पोरगा दारात. "काका, तुमच्या भागात पाण्यात नायट्रेट आहे. फ्री टेस्ट करून देतो."

खिशातून पेनासारखं मीटर काढून ग्लासात बुडवलं. 640. "लिमिट 45 आहे, काका." मग आपल्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या ग्लासात ओतलं, दोन्हीत सळया सोडल्या, बटण दाबलं. आमचं पाणी आधी पिवळट, मग शेवाळासारखं हिरवट, वर तपकिरी साय. त्याचं जसंच्या तसं. बायको पाळण्याकडे बघायला लागली. मी साडेअठरा हजार मोजले.

ते मीटर टीडीएसचं होतं. पाण्यातले सगळे क्षार मिळून किती, एवढंच ते सांगतं. त्यात नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. 45 मात्र खरं, लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही भारतीय मानकातली मर्यादा. सळया लोखंडाच्या. क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं, त्याचा गंज पाण्यात उतरतो. त्याच्या बाटलीत आरओचं, म्हणजे बहुतेक क्षार काढून टाकलेलं पाणी, त्यातून वीज जाणार कुठून? चिमूटभर मीठ टाकलं असतं तर तेही तसंच झालं असतं. बरं, फिल्टर बसवून झाल्यावर "आता याच्या पाण्यात सळया घाल बघू" म्हणायचं, तेही मला सुचलं नाही.

दोन आठवड्यांनी भाचा आला. त्याने झाकण उघडलं. "मामा, यात कार्बन आणि यूव्हीचा दिवा आहे. जंतू मरतील, वास जाईल. नायट्रेट यातून सरळ पार होतं." त्यानेच बोअरचं आणि फिल्टरचं असे दोन नमुने प्रयोगशाळेत दिले. बोअरचं 82, फिल्टरचं 81.

म्हणजे नायट्रेट होतंच! त्या पोराने खोटं बोलता बोलता खरं सांगितलं, आणि विकलं भलतंच. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, मग रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेत नाही, ओठ-नखं निळसर पडतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना हा धोका जास्त. आणि आम्ही काळजीपोटी नातीचं पाणी वीस-वीस मिनिटं उकळत होतो. उकळल्याने पाणी उडतं, नायट्रेट भांड्यातच राहतं, उलट दाट होतं. नशीब, तिला काही झालं नाही.

आलं कुठून, हे विचारायला लांब जायला नको. बोअरपासून वीस पावलांवर शेणखताचा उकिरडा, त्याच्यापलीकडे संडासाचा शोषखड्डा, आणि बागेत वर्षानुवर्षं ओतलेला युरिया. तो माझाच.

आता आरओ बसवलाय. बसवल्यावर त्याचं पाणी पुन्हा तपासलं, 9 आलं. तोवर नातीचं दूध तपासून घेतलेल्या बाहेरच्या पाण्यातच कालवत होतो.

पोराचा फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "नायट्रेट निघतं असं त्यांनी लिहून दिलंय का?" पावती काढून बघितली. 'वॉटर फिल्टर, 1 नग.'