कुत्र्याच्या शूसाठी एन्झाइम क्लीनर: वास जातो, पण पिल्लावर ओरडू नका

आमची चिंगी, देशी कुत्री, अजून वर्षाचीही नाही. बेल वाजून ओळखीचं माणूस आत आलं की कंबरेपासून हलते, कान पाडते, पोट वर करते आणि तिथेच शू! बाबांवर तिचा भारी जीव, म्हणून ते आले की हमखास. डॉक्टरांनी लघवी तपासली, इन्फेक्शन नव्हतं. मग पेट शॉपमधून एन्झाइमचा स्प्रे आणला.

वासाच्या बाबतीत समाधानी आहे. फिनाईलने वास नुसता झाकला जातो, आपल्याला कळत नाही पण कुत्र्याला कळतो. हा स्प्रे वासाचं मूळच फोडतो. फक्त पुसायची घाई नको. शू आधी सुती फडक्याने टिपायची, रगडायची नाही. मग जागा चिंब होईल इतका स्प्रे मारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं ओलीच ठेवायची. आमच्या हॉलमध्ये फरशीच्या सांध्यांतून वास यायचा, तो असाच गेला. सोफ्यावर वरवर फवारून भागत नाही. शू फोममध्ये जिथवर मुरली तिथवर हे पोचायला हवं, आणि बाटली भराभर संपते. त्याच जागी ब्लीच किंवा फिनाईल ओतू नका, एन्झाइम निकामी होतात.

बाटलीवर ‘पुन्हा त्याच जागी शू करणार नाही’ असं छापलंय, ते मात्र चिंगीला लागू नाही. ती वास घेऊन जागा शोधत नाही, आनंदात किंवा भीतीत तिचा ताबाच सुटतो. ओरडलं तर आणखी करते, कारण ‘मला मारू नका’ हे सांगायची ती तिची रीतच आहे. लोक अशा पिल्लाचं नाक शूमध्ये घासतात, ते बघून जीव तुटतो. कृपा करून असं करू नका.

बाबा आता आत येताना तिच्याकडे बघत नाहीत, बोलत नाहीत. चपला काढून खुर्चीत बसतात. ती शांत झाली की तिच्याकडे पाठ किंवा कूस करून हात खाली सोडतात. डोक्यावर वाकत नाहीत, हनुवटीखाली खाजवतात. पाहुणे येणार असतील तर आधी तिला खाली फिरवून आणतो. डबकी बरीच कमी झालीत. बहुतेक पिल्लं मोठी होता होता यातून बाहेर येतात.

तोवर बाटली घरात हवीच. घेताना लेबलवर ‘एन्झाइम’ शब्द बघा, नुसता सुगंध असलेली घेऊ नका. रिफिल मिळत असेल तर तीच परवडते.