दरबार गल्लीत कधी जावं: इफ्तारला की तरावीहनंतर?

बेळगावच्या दरबार गल्लीत रमजानचं खायला जायचं तर वेळा दोन. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, अजानीआधी गेलात तर खजूर, कापलेलं कलिंगड, गरम समोसे, कांदाभजी मिळतात. पण सगळ्यांना इफ्तारला, म्हणजे रोजा सोडायला, घर गाठायचं असतं. विकणाराही उपाशीच. मीठ चाखून बघायची सोय नाही, सगळा हाताचा अंदाज. अजान झाली की गल्ली एकदम ओस. तेव्हा पार्सल घ्या आणि निघा.

खरी मजा रात्री, तरावीहची, म्हणजे रमजानातली रात्रीची खास नमाज सुटल्यावर. कोळशावर सीखकबाब चरचरतात. हलीम वाडग्यात पडतं, वर तळलेला कांदा आणि लिंबाची फोड. गहू, डाळी आणि मटण तासन्‌तास शिजवून, घोटून ते एकजीव करतात. खिचडा हा हलीमचाच भाऊ, पण त्यात मटणाचे तुकडे अख्खे राहतात, म्हणून मला तोच जास्त आवडतो. (भौगोलिक मानांकन मात्र हैदराबादी हलीमला, 2010 मध्ये.)

ईद जवळ आली की खडे बाजारात बांगड्या, अत्तर, शेवयांसाठी मुंगीला वाट नाही. म्हातारी माणसं बरोबर असतील तर संध्याकाळच बरी. नाहीतर रात्रीच जा, गाडी लांब लावून. आणि घरी जेवून जाऊ नका.