३ मीटर, ४० ग्रॅमचा हलका फीडर रॉड: पुण्याच्या नद्यांवर एक हंगाम वापरल्यानंतर

फीडर म्हणजे चारा भरायचा, शिसं लावलेला छोटा पिंजरा. तो तंगुसावर लावून फेकायचा आणि माशाची टोच रॉडच्या बारीक शेंड्यावर, म्हणजे टिपेवर बघायची, त्यासाठीचा हा रॉड. आधी मापं. लांबी ३ मीटर, दोन कांडी आणि वर बसणारी बदलती टिप. बंद लांबी १३० सेंमीच्या आसपास. फेकीची मर्यादा ४० ग्रॅम. सोबत तीन टिपा: अर्ध्या औंसाची फायबरग्लासची, एक आणि दीड औंसाच्या कार्बनच्या. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. खाली लिहिलेलं सगळं दुकानात किंवा घरी मोजून बघता येतं आणि या वर्गातल्या कुठल्याही रॉडला लागू पडतं. पाऊस ओसरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत तो पवना, इंद्रायणी आणि नीरेच्या वाहत्या पाण्यात वापरला, २५०० साईझचं रील आणि ०.१८ मिमी तंगूस लावून.

असे रॉड युरोपातल्या नद्यांत रोच नावाच्या माशासाठी वापरतात. रोच आपल्याकडे नाही, पण तो कार्पच्या कुळातला, म्हणजे आपल्या कोळशीचा आणि मृगळाचा भाऊबंद. या कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. त्यामुळे मासा आमिष पकडून पळत नाही. ओढून आत घेतो, चाचपतो, संशय आला की थुंकतो. वर टिपेवर दिसते ती एवढीच हालचाल, कधी नखाएवढी. पाव किलोच्या आतली कोळशी आणि लहान मृगळ असेच खातात. चिलापी वेगळ्या कुळातली, पण बारीक तोंडाने टोचत बसायची सवय तिलाही आहे. जाड रॉडवर ‘इथे मासाच नाही’ म्हणून जी जागा सोडून दिली जाते, तिथे पुष्कळदा आमिष चाखून टाकून दिलेलं असतं.

आता मुख्य मुद्दा. ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे सर्वांत मऊ टिप, असं धरून रॉड घेऊ नका. वाहत्या पाण्यात धार तंगुसाला सतत ओढत असते. त्या ओढीनेच अर्ध्या औंसाची टिप पूर्ण वाकली तर माशाने ओढल्यावर तिला आणखी वाकायला जागाच उरत नाही. ती टिप तिथे मुकी असते. फीडर तळाला बसल्यावर टिप थोडी कललेली हवी, साधारण पाव ते एक तृतीयांश वाक. त्यामुळे मासा पुढे गेला तरी कळतं आणि मागे आला तरी कळतं. पवनेच्या मंद डोहात अर्धा औंस बरोबर. डोहाच्या तोंडाशी, जिथे धार आत शिरते, तिथे एक औंस. धरणातून विसर्ग चालू असेल तेव्हा दीडही कमी पडतो, आणि अशा पाण्यात हा रॉड बाहेर काढूच नये. विसर्ग वाढवला की पाणी बघता बघता चढतं, म्हणून जायच्या आधी त्या दिवसाचा आकडा बघून घ्या.

टिपेवर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. औंसाचा अर्थ सोपा आहे: तेवढं वजन टांगलं की टिप काटकोनात वाकते. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. रॉड टेबलाला आडवा घट्ट बांधा, शेंड्याच्या कडीला दोऱ्याने छोटी झिपची पिशवी टांगा आणि औषधाच्या दुकानातल्या १० मिलीच्या सिरिंजने तिच्यात पाणी सोडत जा. एक मिली म्हणजे एक ग्रॅम. पिशवीचं वजन किरकोळ, पण तेही मिळवा. टिपेचा शेंडा सरळ खाली बघायला लागला की थांबा. या रॉडची अर्ध्या औंसाची टिप १७ ग्रॅमला वाकली, म्हणजे छापल्यापेक्षा थोडी कडक, चालण्यासारखी. दीडची ४१ ग्रॅमला वाकली, बरोबर. पण एकची ३६ ला. म्हणजे एक आणि दीड या टिपा जवळजवळ सारख्याच, आणि मधली, जी सगळ्यात जास्त लागते, तीच सेटमध्ये नाही. या रॉडबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच. पाऊण औंसाची ग्लास टिप वेगळी घेतली आणि त्यानंतर बहुतेक वेळ तीच लावलेली असते.

वेगळी टिप घेताना बुडाचा व्यास मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. बुडं २.२ मिमीपासून ३.५ मिमीपर्यंत असतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. साधा व्हर्नियर बोहरी आळीत मिळतो. बूड केसभर जाड असेल तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून, गोल फिरवत घासता येतं. पातळ असेल तर चिकटपट्टी गुंडाळून बसवू नका. भार एकाच जागी येतो आणि वरच्या कांड्याचं तोंड चिरतं.

ग्लास की कार्बन? एक औंसापर्यंत ग्लास, त्यापुढे कार्बन. ग्लास हळूहळू वाकते, माशाला अडथळा जाणवत नाही, तो आमिष थोडा जास्त वेळ तोंडात ठेवतो. कार्बन झटकन सरळ होते, धारेत थरथरत राहत नाही.

४० ग्रॅम हा आकडाही नीट वाचायला हवा. फीडरवर २० ग्रॅम लिहिलेलं असतं ते शिशाचं वजन. जाळीच्या मध्यम पिंजऱ्यात १५ ते २० ग्रॅम ओला चारा बसतो, म्हणजे फेकताना ३५ ते ४० झालेच. त्यामुळे या रॉडवर २० ग्रॅमच्या पुढचा फीडर नको. ३० चा लावून जोराने फेकला तर कांडं त्या दिवशी मोडेलच असं नाही, पण मधला भाग फेकीत कोलमडतो आणि फीडर दर वेळी वेगळ्या जागी पडतो. फीडरने मासेमारी करायची आणि चारा पाच ठिकाणी टाकायचा, याला काही अर्थ नाही.

हलक्या फीडरने धारेत टिकायचं तर बाक द्यायला शिका. किंचित खालच्या अंगाला फेका, फीडर तळाला लागला की मीटर-दोन मीटर तंगूस मोकळा सोडा. पाण्यात त्याचा बाक तयार होतो आणि धारेची ओढ फीडरला उचलण्याऐवजी तळाशी आडवी लागते. रॉड ४५ ते ६० अंशांत उभा ठेवा, पाण्यातला तंगूस तेवढा कमी. मग टिप बोटाने हलकेच ओढून बघा: फीडर जरासा सरकला पाहिजे. अजिबात हलला नाही तर जड आहे, १५ चा लावा. असा जेमतेम टिकलेला फीडर असला की माशाने आमिष उचलताच तो सुटतो आणि वाकलेली टिप एकदम सरळ होते. नदीतला सगळ्यात खात्रीचा बाईट तो. नवीन माणूस टिप वाकायची वाट बघत राहतो आणि नेमका हाच सोडून देतो.

इतर हालचाली ओळखता आल्या पाहिजेत. टिप सावकाश वाकत जाऊन तशीच राहिली तर तंगुसावर पाला किंवा जलपर्णी बसली. एकसारखी बारीक थरथर आणि मधूनच संथ ओढ म्हणजे खेकडा. जागा दोन मीटर बदला. जलपर्णीचे पुंजके सतत वाहत येत असतील तर उभ्या रॉडवर काहीच जमत नाही, सरळ आडोशाचा डोह गाठा.

पुढची बांधणी: गळ १६ किंवा १८ नंबर, गळाचा तंगूस ०.१२ मिमी, लांबी ६० सेंमीपासून सुरू. मासा गळ खोल गिळत असेल तर ती ४० वर आणा. आमिष चावून जातंय पण टिप हलत नाही, तरीही आधी आखूड करा. बाईटच नसेल तर ८०-९० पर्यंत वाढवा. मुख्य तंगूस साधा नायलॉनचाच ठेवा. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, लावली तर टोच जास्त स्पष्ट दिसते, पण ती ताणली जात नाही, आणि इतक्या बारीक गळावर लहान माशाचं तोंड फाटतं.

चाऱ्यासाठी लाकडी घाण्यावरची शेंगदाणा पेंड दोन भाग, टोस्टचा चुरा दोन भाग, भाजलेला गव्हाचा कोंडा एक भाग. पेंड कुटून चहाच्या नव्हे, पिठाच्या चाळणीने चाळा. पाणी थोडं थोडं घाला आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. पेंड पाणी सावकाश पिते, पहिल्यांदा बरोबर वाटलेलं मिश्रण नंतर कोरडं पडतं. मग पुन्हा शिंपडा. कणीक घालू नका, गोळा चिकट होतो. दोन-तीन मिनिटांनी ओढल्यावर पिंजरा रिकामा आला पाहिजे. भरलेला परत आला तर तेवढा वेळ चारा तळावर पडलाच नाही.

हंगामभर वापरून झालेली झीज: खालच्या कांड्याचा कॉर्क दोन ठिकाणी निघाला, लाकडाच्या भुशात फेविकॉल कालवून भरला, टिकलाय. कड्या ठीक आहेत. महिन्यातून एकदा कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीतून फिरवा. कापूस अडकला तर आतल्या रिंगला चीर आहे आणि तंगूस तिथे कापला जाणार. जोड सैल वाटायला लागल्यावर आतल्या भागावर मेणबत्ती घासली. टिप माशामुळे क्वचितच मोडते. फीडर गुंडाळत थेट शेंड्याच्या कडीत नेला, किंवा तंगूस ओवताना शेंडा हाताने खाली वाकवला, की मोडते. ओवायचं असेल तर रॉड जमिनीवर ठेवा.

घरून निघताना १३० सेंमीचा रॉड ॲक्टिव्हावर उभा बांधता येतो, पण नळी कडक हवी. कापडी पिशवीत कड्यांचे पाय वाकतात. काठावर रॉड जोडण्याआधी वर विजेच्या तारा आहेत का बघा. कार्बनमधून वीज जाते.

लांब फेकीसाठी, कटला-रोहूच्या मोठ्या माशांसाठी हा रॉड नाही. दोन किलोचा सायप्रिनस (कॉमन कार्प) अचानक लागला तर रीलचा ड्रॅग, म्हणजे ओढ आली की तंगूस सुटू देणारा ब्रेक, ढिला असेल तरच निभावतो, कारण गळाचा ०.१२ चा तंगूस आधी तुटतो. धरणाच्या फुगवट्यावर ५० मीटर फेकायचं असेल तर ३.६ मीटर आणि ८० ग्रॅमचा घ्या. तिथे मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी स्थानिक संस्थेकडे असतो, गळ टाकण्याआधी त्यांना विचारा.