हॉट फ्लॅशेस: हार्मोन नको असतील तर काय निवडायचं?

हॉट फ्लॅशेस म्हणजे पाळी जाण्याच्या काळात अंगातून अचानक उठणाऱ्या गरम वाफा. आधी एवढं बघा की त्रास रात्री जास्त आहे की दिवसा आणि बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत, निम्मा निर्णय तिथेच होतो. "होईल आपोआप कमी" म्हणून सहन करणाऱ्यांसाठी, वारंवार त्रास होणाऱ्या बायकांमध्ये हे प्रकरण सात-सात वर्षंही चालतं, तेव्हा बघा बाई.

रात्री घामाने झोपमोड होत असेल तर गॅबापेंटिन. झोपताना घ्यायचं, गुंगी येते आणि इथे तीच उपयोगी पडते, पण सकाळी चक्कर येऊ शकते, त्यामुळे तोल जाणाऱ्यांनी जपून.

दिवसभर वाफा आणि वर मूडही ढासळलेला असेल तर डिप्रेशनच्या गोळ्या कमी डोसमध्ये. नाव ऐकून घाबरू नका, पॅरोक्सेटिन ७.५ मिलिग्रॅमला अमेरिकेत २०१३ मध्ये खास हॉट फ्लॅशेससाठीच मंजुरी मिळाली. फक्त टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) चालू असेल तर पॅरोक्सेटिन नको, ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतं, तिथे डॉक्टर बहुतेक व्हेनलाफॅक्सिन देतात, त्यात मग बीपीवर लक्ष ठेवायचं. आणि या गोळ्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू कमी करतात.

फेझोलिनेटंट (२०२३ ला आलं, ४५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा) मला सगळ्यात मुद्द्याचं वाटतं कारण मेंदूत जिथे शरीराचं तापमान सांभाळलं जातं तिथेच ते काम करतं, पण लिव्हरला इजा होऊ शकते म्हणून अमेरिकेत त्यावर कडक इशारा आहे, सुरू करण्याआधी रक्त तपासायचं, मग पहिले तीन महिने दर महिन्याला, पुढे सहाव्या आणि नवव्या महिन्यात. हे जमणार नसेल तर त्या वाटेला जाऊच नका. एलिन्झानेटंट त्याच जातकुळीतलं, अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर, अजून फार नवीन.

ऑक्सिब्युटिनिन पण चालतं, तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते, वय जास्त असेल तर टाळलेलं बरं.

गोळीच नको? मग सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायची थेरपी. वाफांची संख्या फार घटत नाही पण त्यांचा जाच कमी होतो. क्लिनिकल हिप्नोसिसने संख्याही घटते, पण नीट शिकलेला माणूस मिळायला हवा. वजन जास्त असेल तर ते उतरवल्यानेही फरक पडतो.

आणि योगा, अॅक्युपंक्चर, सोया, ब्लॅक कोहोश (एक औषधी वनस्पती)? अमेरिकेतल्या मेनोपॉज तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्ये हॉट फ्लॅशेससाठी यातलं काहीच सुचवलेलं नाही. योगा तब्येतीसाठी करा की, पण ब्लॅक कोहोश "नॅचरल" म्हणून डोळे झाकून घेऊ नका, त्यानेही लिव्हर बिघडल्याच्या केसेस आहेत.