रूफटॉप युनिटचे कंट्रोल वायरिंग: साधा थर्मोस्टॅट घ्यावा की बीएमएसला जोडावे?

नाशिकमध्ये सातपूर-अंबडचा कारखाना असो, कॉलेज रोडवरील शोरूम असो किंवा गंगापूर रोडवरील बंदिस्त हॉल असो, रूफटॉप युनिटची, म्हणजे गच्चीवर बसणाऱ्या मोठ्या एसीची, चौकशी करताना बहुतेक मालकांचे बोलणे टनेज (थंड करण्याची क्षमता), कंपनी आणि किंमत यांपाशी संपते, आणि क्रेनने युनिट गच्चीवर चढवल्यावर ते चालवायचे कशाने हा विषय निघतो. वास्तविक तो ऑर्डर देण्यापूर्वीच निघायला हवा, कारण युनिटमध्ये कारखान्यातून कोणते कंट्रोल कार्ड बसून येते यावरच गच्चीपासून खालच्या हॉलपर्यंत कोणती केबल ओढायची हे ठरते, आणि फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर केबल बदलणे हे नवे युनिट बसवण्याइतकेच त्रासाचे होते.

निवड मुख्यतः दोन पद्धतींमध्ये आहे. पहिल्या पद्धतीत हॉलमधील भिंतीवर थर्मोस्टॅट बसतो आणि तो २४ व्होल्टच्या तारांवरून युनिटला थेट आज्ञा देतो. पंख्यासाठी जी, कॉम्प्रेसरच्या पहिल्या व दुसऱ्या टप्प्यासाठी वाय-१ आणि वाय-२, हीटिंगसाठी डब्ल्यू, आणि ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजू म्हणजे आर व सी, अशी प्रत्येक कामाची स्वतंत्र तार असते. दुसऱ्या पद्धतीत युनिटमधील कार्ड सगळे निर्णय स्वतः घेते आणि मॉडबस किंवा बॅकनेट या भाषेत दोन तारांवरून बीएमएसशी, म्हणजे इमारतीतील यंत्रणा एका जागेवरून चालवणाऱ्या संगणक प्रणालीशी, बोलते.

पहिल्या पद्धतीचे मोठेपण असे की ती मल्टीमीटरने समजते. युनिट चालत नसेल, तर वाय-१ आणि सी यांच्यामध्ये २४ व्होल्ट येतात की नाहीत एवढे पाहिले की दोष खाली आहे की गच्चीवर हे दोन मिनिटांत कळते. लॅपटॉप, पासवर्ड किंवा पुण्या-मुंबईहून येणारा सॉफ्टवेअरचा माणूस यांची वाट पाहावी लागत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकलेला असताना दुकानदाराच्या दृष्टीने हा गुण फार मोलाचा आहे.

तिची मर्यादा मात्र अंतराची आहे, आणि तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ३९ ओहम असतो. थर्मोस्टॅट ते युनिट ६० मीटर अंतर असेल, तर जाऊन-येऊन १२० मीटर तार होते आणि तिचा रोध ४.७ ओहमच्या आसपास जातो. कॉन्टॅक्टर (कॉम्प्रेसरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जाताना त्याची कॉइल क्षणभर नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह घेते. तो १ अँपिअर धरला तरी ४.७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि कॉइलपर्यंत १९ व्होल्टच पोचतात. खात्रीने ओढण्यासाठी कॉइलला साधारण ८५ टक्के, म्हणजे २० व्होल्टहून थोडे अधिक, लागतात. अशा वेळी कॉन्टॅक्टर थरथरतो, त्याचे संपर्क जळतात, आणि दोष मात्र कॉम्प्रेसरच्या माथी मारला जातो. जाड तार हा एक उपाय आहे. पण युनिटच्या पॅनलमध्ये छोटे रिले (कमी प्रवाहावर चालणारे चुंबकी स्विच) बसवून लांबच्या तारेवर केवळ रिलेच्या कॉइलचा भार ठेवणे हा अधिक चांगला उपाय आहे, आणि कोटेशनमध्ये तो लिहून घ्यावा.

तापमानाच्या सेन्सरलाही हाच हिशेब लागू होतो. १ चौरस मिलिमीटरच्या तारेवर ८० मीटर अंतरासाठी सुमारे ३ ओहम रोध वाढतो. पीटी-१०० सेन्सर (शून्य अंशाला १०० ओहम रोधाचा) दोनच तारांवर जोडला, तर एवढ्याने वाचन ८ अंशांनी चुकते. पीटी-१००० असेल तर चूक पाऊण अंशावर येते. १० किलोओहमच्या थर्मिस्टर सेन्सरमध्ये ती जाणवतसुद्धा नाही. सेन्सर कोणता हे न विचारता केवळ ‘सेन्सरसहित’ एवढ्यावर समाधान मानू नये.

दुसऱ्या पद्धतीत अंतराची अडचण जवळजवळ नाहीशी होते. त्या दोन तारांची आरएस-४८५ ही वाहिनी माहितीच्या कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जाते आणि एका टप्प्यावर ३२ प्रमाणित उपकरणे घेते, म्हणून मोठ्या शेडवरील आठ-दहा युनिट एकाच केबलवर बसतात. परंतु ही केबल शिस्त मागते. ती पीळ दिलेली आणि शिल्ड (धातूचे आवरण) असलेलीच हवी. तिने एका युनिटमधून दुसऱ्यात माळेसारखे जायला हवे, मधूनच फांद्या फोडता कामा नये. दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर (टोकाला जोडायचा रोधक) आणि शिल्डला एकाच टोकाला अर्थिंग, हे पथ्य पाळावे लागते. प्रत्येक युनिटचा पत्ता वेगळा आणि माहिती पाठवण्याचा सर्वांचा वेग एकच असावा लागतो. काम नीट झाले आहे का याची एक सोपी परीक्षा मालकालाही घेता येते: सर्व उपकरणे बंद ठेवून दोन तारांमध्ये रोध मोजला, तर तो ६० ओहमच्या जवळ यायला हवा. १२० आला, तर एक टर्मिनेटर राहिला आहे किंवा केबल कुठेतरी तुटली आहे.

अंबडमधील एका शेडवर आम्ही ही केबल ब्लोअरच्या व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमध्ये टाकली होती. ब्लोअरचा वेग वाढला की दोन युनिट बीएमएसवरून गायब होत, आणि कार्ड बदलून पाहण्यात मालकाचे दोन दिवस गेले. शेवटी ती केबल स्वतंत्र जीआय कंड्युटमध्ये (लोखंडी नळीत) फूटभर दूर नेली आणि तक्रार त्याच संध्याकाळी थांबली. तेव्हापासून कंट्रोल आणि पॉवर यांचे मार्ग नकाशावर वेगळे दाखवल्याशिवाय मी काम सुरू करू देत नाही.

वीज जाऊन परत आल्यावर दोन्ही पद्धतींमधील फरक सर्वांत ठळक दिसतो. महावितरणचा पुरवठा गेला, जनरेटर सुरू झाला आणि सहा युनिटचे कॉम्प्रेसर एकदम उठले, तर जनरेटर गुदमरतो. बीएमएस ही सहा युनिट एकामागून एक, ठरावीक अंतराने सुरू करतो. थर्मोस्टॅटच्या पद्धतीत त्यासाठी प्रत्येक युनिटला वेगळा टायमर लावावा लागतो. बंद झालेला कॉम्प्रेसर किमान ३ ते ५ मिनिटे पुन्हा सुरू न होऊ देणारी सोय मात्र दोन्हीकडे असलीच पाहिजे. शिवाय वेळेनुसार वीजदर लागू असलेल्या ग्राहकाला तासांचे वेळापत्रक, ट्रिपची नोंद आणि फिल्टर तुंबल्याची सूचना एकाच पडद्यावर मिळणे हा बीएमएसचा खरा फायदा आहे, अर्थात तो पडदा पाहणारा माणूस नेमलेला असेल तर.

नाशिकच्या हवेचा विचार करता बाहेरची हवा आत घेणारा डॅम्पर, म्हणजे इकॉनॉमायझर, इथे चांगला उपयोगी पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत माणसांनी भरलेल्या हॉलला कूलिंग लागते, पण रात्री व सकाळी बाहेरची हवाच पुरेशी गार असते. पावसाळ्यात मात्र केवळ तापमान पाहून डॅम्पर उघडला तर फसगत होते. बाहेर २३ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असताना हवेतील एकूण उष्णता किलोला सुमारे ६९ किलोज्यूल असते, तर आत २५ अंश आणि ५० टक्क्यांना ती ५२ च्या आसपास असते. म्हणजे थर्मामीटरवर गार दिसणारी हवा आत घेतल्याने कॉम्प्रेसरचे काम वाढते. त्यामुळे इकॉनॉमायझर घ्यायचा असेल तर आर्द्रता मोजून एन्थाल्पीवर, म्हणजे या एकूण उष्णतेवर, निर्णय घेणारे कार्ड घ्यावे. साधा थर्मोस्टॅट इथे अपुरा पडतो. हीटिंगसाठी मात्र इथे फार खर्च करू नये. निफाडकडे थंडी कडक पडत असली तरी शोरूमच्या दिव्यांची आणि माणसांची उष्णता दिवसा बहुधा पुरते.

कोणतीही पद्धत निवडली तरी काही गोष्टी सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नयेत. हाय प्रेशर व लो प्रेशर स्विच, हवेचा प्रवाह दाखवणारा स्विच, फेजचा क्रम तपासणारा रिले आणि आगीच्या अलार्मचा संपर्क हे सर्व कंट्रोलच्या तारेतच मालिकेत बसलेले हवेत, म्हणजे कार्ड गोठले तरी युनिट थांबेल. लाइनच्या दुरुस्तीनंतर फेज उलटे जोडले गेले तर स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो आणि खराब होतो. काही शे रुपये वाचवण्यासाठी हा रिले वगळणारे कोटेशन मी बाजूला ठेवतो.

गच्चीवरील कामाचा दर्जा दोन्ही पद्धतींना सारखाच लागू आहे. उन्हात साधी पीव्हीसी तार काही वर्षांत तडकते, म्हणून कंड्युट हवे. जंक्शन बॉक्स आयपी-६५ चा (धूळ-पाणी रोखणारा) आणि ग्लँड (केबल आत घेण्याची कडी) खालच्या बाजूने हवी. प्रत्येक तारेला फेरूलवर (तारेच्या टोकावरील छोट्या नळीवर) नंबर हवा. जूनच्या सुरुवातीला वळवाच्या विजा कडाडतात, तेव्हा आरएस-४८५ ची कार्डे थर्मोस्टॅटपेक्षा लवकर जातात, म्हणून बीएमएसच्या खर्चात सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारे साधन) धरलाच पाहिजे. ४१५ व्होल्टचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

माझे मत विचाराल तर एक ते तीन युनिट, एकच मजला आणि कायमस्वरूपी मेंटेनन्सचा माणूस नाही, अशा ठिकाणी चांगला दोन टप्प्यांचा थर्मोस्टॅट, रिले आणि जाड तार यांवर पैसे खर्च करावेत. पाच-सहाच्या पुढे युनिट असतील, जनरेटरवर भार जात असेल किंवा औषध कारखान्याप्रमाणे तापमानाची नोंद ठेवणे भाग असेल, तर बीएमएस घ्यावा. मात्र पॉइंटची, म्हणजे बीएमएसवरील प्रत्येक वाचनाची व आज्ञेची, पूर्ण यादी, पत्त्यांचा तक्ता आणि ॲडमिन पासवर्ड हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. चार युनिटच्या आसपास, पुढे वाढ होण्याची शक्यता असेल तर मी मधला मार्ग सुचवतो: मॉडबस असलेले कार्ड घेऊन आज ते थर्मोस्टॅटवर चालवावे, आणि सीलिंग उघडे आहे तोवरच शिल्ड केबल माळेने ओढून तिची टोके प्रत्येक पॅनलमध्ये नंबर घालून बांधून ठेवावीत.