तेहरान मेट्रो, लेडीज डबा (जून 2019)

इराणला जाणार असाल तर तेहरानमध्ये टॅक्सीच्या नादी लागू नका, मेट्रोनेच फिरा. एसी, स्वच्छ, गाड्या पटापट येतात आणि तिकीट आपल्या हिशोबाने जवळपास फुकट. पण हे स्वस्त कशामुळे ते बघून वाईट वाटतं, मे 2018 मध्ये ट्रम्पने इराणसोबतचा अणुकरार सोडला, अमेरिकेचे निर्बंध परत लागले आणि रियाल, म्हणजे इराणचं चलन, इतकं आपटलं की तिथल्या पगारदार माणसाला आता मटण घेताना दहा वेळा विचार करावा लागतो.

बायकांनी गाडीच्या टोकाच्या लेडीज डब्यातच चढावं. आपल्या मुंबई लोकलमध्ये क्लिपा-कानातली विकणाऱ्या येतात ना, अगदी तसंच, मोजे, स्कार्फ, लिपस्टिक, एक गेली की दुसरी हजर. माझ्यासमोर एकीने स्वतःच्या हातावर लिपस्टिकच्या तीन रेघा ओढून दाखवल्या, समोरच्या काकूंनी बराच वेळ निरखून शेवटी एक घेतली आणि पैसे दिले कार्डाने, विकणारीच्या पिशवीत चक्क स्वाइप मशीन होतं! परवानगी नसते त्यांना, त्यामुळे स्टेशन आलं की माल झाकतात. शेजारची मुलगी म्हणाली यातल्या कितीतरी जणी शिकलेल्या आहेत, नोकऱ्याच नाहीत तर करणार काय.

20 जूनला इराणने अमेरिकेचा ड्रोन पाडला तेव्हा मी तिथेच होते, अमेरिकेने हल्ला ऐनवेळी रद्द केला असं दुसऱ्या दिवशी कळलं, घरून फोनवर फोन. शनिवारी, म्हणजे त्यांचा आठवडा सुरू होतो त्या दिवशी, डबा नेहमीसारखाच खचाखच. बायका मोबाइलवर बातम्या बघत होत्या, डॉलर कितीवर गेला ते एकमेकींना विचारत होत्या. एक आजी मोडक्या इंग्रजीत मला सांगत होत्या की 1988 ला इराण-इराक युद्धात इराकची मिसाईलं पडायची तेव्हा लेकरांना घेऊन तळघरात झोपायचो, आता नातवंडांवर ती वेळ नको. मला काय बोलावं सुचेना, नुसता हात धरला त्यांचा.

बाकी, सकाळ-संध्याकाळ इमाम खुमैनी स्टेशनवर लाइन बदलणं म्हणजे भयंकर रेटारेटी. बाजारासाठी पाँझदह-ए-खोर्दादला उतरा. आपली कार्डं अजिबात चालत नाहीत, डॉलर किंवा युरो कॅश न्या, आणि भाव तोमानमध्ये सांगतात, 1 तोमान म्हणजे 10 रियाल. डब्यातल्या बायकांकडून काहीतरी घ्याच आणि प्लीज घासाघीस करू नका.

5 पैकी साडेचार, अर्धा गर्दीचा कापला.