डावा बूट, काळी माती आणि ताडपत्रीखालचं दुकान

आधी पत्ता सांगते, कारण मला तो दोनदा विचारावा लागला. दारव्हा बसस्थानकातून बाहेर पडलं की रसवंतीचा एक गाडा आहे, त्याच्या मागं निळी ताडपत्री. पावसाळ्यात गाडा बंद असतो, चाकाला साखळी घातलेली असते. म्हणजे रसवंती शोधू नका, साखळी शोधा. ताडपत्रीखाली लाकडी पेटी, बूट उलटा घालायचा लोखंडी पाय, टायरच्या तुकड्यांचं पोतं, मागच्या भिंतीवर संत रोहिदासांचा फोटो आणि काका. पाटी नाही. चपला-बूट दुरुस्तीचं दुकान ते एवढंच. त्याबद्दल लिहायला मी तीन महिने मुद्दाम थांबले. शिवलेल्या बुटाचं कौतुक दुसऱ्याच दिवशी करण्यात काही अर्थ नसतो.

मी कृषी सहायक. पदाचं नाव आता बदललं आहे, पण बांधावर नव्या नावानं कोणी हाक मारत नाही. वय ३८, एक मुलगा, दुसरीत. आठवड्यातून चार दिवस पहाटे पळते, साधारण ३० किलोमीटर होतात. आमच्याकडं रस्त्यानं पळणारं माणूस म्हणजे पोलीस भरतीचं, असं सरळ गणित आहे. यवतमाळ रोडवर पहाटे पोरांचे १६०० मीटर चाललेले असतात, पोरींचे ८००, आणि कडेला कोणीतरी मोबाईलवर घड्याळ लावून उभं. मी त्यांच्या बाजूनं सावकाश पुढं निघून जाते आणि परत येते, तोवर त्यांचं सगळं आटोपून चहा सुरू झालेला असतो.

तर ऑगस्टातला तो आठवडा. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी दिग्रसला गेलेल्या. नवरा चंद्रपूरला नोकरीला, दर दुसऱ्या शनिवारी येतो. शनिवार-रविवार पाऊस असा कोसळला की पळणं सोडा, दूध आणायला निघायची सोय नव्हती. सोमवारी सकाळी मुलगा उठला तो एका बाजूनं गाल फुगवूनच. मला वाटलं तोंडात काही लपवलं आहे. दुपारपर्यंत दुसरी बाजूही आली. गालफुगी. डॉक्टर म्हणाले, पाच दिवस घरातच, शाळा नाही, आंबट नाही, आणि दुसऱ्या पोरांत अजिबात सोडू नका. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालफुगीची त्यात नसते, हे मला तेव्हा कळलं. मी स्वतः गावोगावी फिरते, तरी.

आणि त्याच दिवशी पंचनाम्याचे आदेश. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, मग आम्ही, तलाठी, ग्रामसेवक मिळून शेतं बघायची, ३३ टक्क्यांच्या वर नुकसान आहे का ते लिहायचं. पोराला ठेवायचं कुठं? शेजारणीकडं दोन लहान मुलं, तिला विचारायचीसुद्धा सोय नाही. शेवटी गल्लीतल्या आजी स्वतःच येऊन बसल्या. “मले झाली हाय लहानपणी. आता मले काय होते? जाय तू.”

मंगळवारी घाईत निघताना एका गमबुटाला चीर गेलेली दिसली. आणि मी जे कधीच करू नये ते केलं: पळायचे बूट घातले. इथं बुटांच्या कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. ३,२०० रुपयांचे बूट, ४१० किलोमीटर झालेले, अजून बराच जीव होता त्यांच्यात. पण ते डांबरासाठी बनवलेले, ओल्या काळ्या मातीसाठी नाही. आपली माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात त्याच मातीला हात जाईल अशा भेगा पडतात. फुगलेल्या मातीत पाय रुतला की ती खालून धरून ठेवते. तिसऱ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी पाय उचलला, बूट वर आला, आणि डाव्या बुटाचा तळ खालीच राहिला. म्हणजे पुढून निम्म्यापर्यंत उघडला, मगरीच्या जबड्यासारखा.

ज्याच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, घोटाभर पाणी उभं होतं, पात्या-फुलं गळून पाण्यावर तरंगत होती, त्या माणसानं वाकून माझा बूट चिखलातून सोडवला. वर म्हणाला, “महागाचा दिसते नं, ताई.” मी कागदावर त्याचं नुकसान लिहीत होते आणि डोळ्यांत पाणी बुटासाठी आलं होतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. आदल्या तीन दिवसांचं सगळं त्या डाव्या बुटावर निघालं असावं. रात्री पोराला मऊ भात भरवताना तो म्हणाला, “आई, तू पळाली नाही की ओरडतेस.” मी ओरडले नाही. ओरडायचं ठरवलं होतं.

बुधवारी आजींना अर्धा तास मागून दुकानात गेले. काकांनी बूट हातात घेतला, तळ वाकवून बघितला, नखानं जुनं सोल्युशन खरवडलं आणि पहिला प्रश्न विचारला:

“भरतीची तयारी करून राह्यल्या काय?”

“नाही हो. वयोमर्यादा संपून दहा वर्षं झाली. असंच पळते.”

“असंच?” त्यांनी परत बूट बघितला. “मंग घाई नाही.”

मला घाईच होती. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत चिकटवून द्या, जास्त पैसे घ्या. त्यांनी ऐकलं नाही, आणि या दुकानाबद्दल मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर हेच. बसस्थानकाजवळच्या दुसऱ्या एकानं मला आदल्या संध्याकाळी दहा मिनिटांत करून देतो म्हटलं होतं, तीस रुपयांत. काकांनी सांगितलं, ओल्या फोमवर सोल्युशन धरत नाही. धरल्यासारखं वाटते, आठ दिवसांत परत उघडते. आधी बूट आतून वाळला पाहिजे, मग दोन्ही बाजू घासून खरखरीत करायच्या, दोन्हीकडं सोल्युशन लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच दाबायचं. हवेत ओल असली की ते थांबणंही लांबते. “घरी नेऊन चुलीपाशी ठेवसान तं फोम आकसते. माह्यापाशीच राहू द्या.” आणि त्यांनी माझ्यासमोर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले.

गुरुवारी संध्याकाळी या म्हणाले. गुरुवारी गेले तर बोळे बदललेले, बूट तसाच. शुक्रवारी, २२ ऑगस्टला, पोळा; दुकान बंद. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. मीही पोळा विसरले होते, यावरून त्या आठवड्याची कल्पना करा. माहेरी बैलजोडी आहे, दरवर्षी खांदेमळणीपासून मी तिथं असते. यंदा बैलांचा फोटो आला मोबाईलवर.

पळायला बूट नाहीत, पोराला सोडून जाता येत नाही. मग गुरुवारी अंधार पडल्यावर पाऊस थांबला तेव्हा अंगणात अनवाणी पळाले. तुळशीपासून गेटपर्यंत माझी २२ पावलं. मुलगा खिडकीत उशीवर गाल टेकवून फेऱ्या मोजत होता. ६० नंतर तो झोपला, मग मी मोजणं सोडलं. फरशीवर शेवाळ होतं, दोनदा घसरता घसरता वाचले. कोणाला सुचवणार नाही.

शनिवार म्हणजे तान्हा पोळा, पोरांनी लाकडी नंदी मिरवायचा दिवस. मुलाच्या गालाची सूज उतरली होती, पण पाच दिवस पुरे झाल्याशिवाय मिरवणूक नाही, असं आमचं ठरलेलं. त्यात लाकडी नंदी काढला तर मागचं एक चाक सुटलेलं, दुसऱ्याची लाकडाची कड झिजून गेलेली. नवरा सकाळच्या गाडीनं येऊन पोहोचला, पोराजवळ बसला, आणि मी एका पिशवीत नंदी टाकून बूट आणायला गेले.

बूट तयार होता. डाव्याला पुढून मधल्या भागापर्यंत चिकटवून वर आरीनं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्याची शिलाई. उजवा बूट मी दाखवलाही नव्हता नीट, त्याची टोकाशी उघडायला लागलेली कड त्यांना आपोआप दिसली, तिथं फक्त सोल्युशन. दर असा: डावा १२० रुपये, उजवा ४०. नंदी बघून ते हसले, पोत्यातून टायरचा तुकडा काढला, रापीनं दोन पट्ट्या कापल्या, चाकांना गुंडाळून बारीक खिळे ठोकले, सुटलेलं चाक बसवलं. पाच मिनिटांचं काम. मला वाटलं सणाचं म्हणून सोडतील. “त्याचे दहा वेगळे.” एकूण १७०. स्कॅनर चिकटवलेला आहे, पण तो त्यांच्या मुलाच्या खात्याचा आणि मुलगा पुण्याला असतो, त्यामुळं पैसे आले की नाही हे फोन करून विचारावं लागतं. रोख न्या.

मुलानं घरातल्या घरात नंदी फिरवला, बापाकडून बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याची खुशाली, वसूल केला. रबरी चाकांमुळं फरशीवर आवाज येत नाही, याची त्याला तक्रार आहे.

आता बुटाबद्दल. रविवारी पहाटे सहा किलोमीटर पळाले. रस्ता ओला होता, गालफुगी उतरलेली होती, नवरा घरी होता, आणि दुसऱ्या किलोमीटरपासून डाव्या करंगळीला काहीतरी टोचत होतं. शिलाईची गाठ आतल्या बाजूला आली होती. फोड आला. सोमवारी परत नेला तर काकांनी हात घालून चाचपलं, गाठ ठोकून सपाट केली, वर पातळ चामड्याचा तुकडा चिकटवला, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून त्रास नाही. पण पळणाऱ्यांनी एक लक्षात घ्या: शिलाई मारलेला बूट पूर्वीसारखा राहत नाही. पुढचा भाग कडक झाला आहे, पाऊल मुडपताना जाणवतं. भोकांतून पाणी आत येतं. किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही ठेवून बघितले, डावा उजव्यापेक्षा १४ ग्रॅम जड भरला. निळ्या बुटाला काळा दोरा आहे, तो मला चालतो. वेगानं पळणाऱ्या, सेकंद मोजणाऱ्या भरतीच्या पोरांनी फक्त चिकटवून घ्यावं, शिलाई नको म्हणून आधीच सांगावं. माझ्यासारखी सावकाश, लांब पळणारी असाल तर शिलाई घ्या.

आज बुटांचे ७३५ किलोमीटर झाले आहेत, म्हणजे दुरुस्तीनंतर सव्वातीनशे. शिवलेला डावा जागच्या जागी. नुसता चिकटवलेला उजवा टोकाशी परत थोडा उघडतो आहे. तळाची नक्षी दोन्हींची सारखीच झिजली आहे आणि ती काही काका परत काढून देऊ शकत नाहीत. दिवाळीत नवे घ्यायचे होते, पण सोयाबीनच्या भावाकडं बघून आमच्या गावात यंदा कोणीच फार काही घेतलं नाही, मलाही दुकानात जाववलं नाही.

जाणार असाल तर बूट धुऊन न्या. चिखलाचे नेले तर शेजारच्या नळाकडं बोट दाखवतात. सांगितलेल्या दिवसात एक दिवस स्वतःच मिळवा. सणाच्या आदल्या दिवशी जाऊ नका.

मागच्या आठवड्यात मुलाच्या शाळेच्या बुटाचा बंद बसवायला गेले होते. काकांनी मला ओळखलं, माझ्या पायांकडं बघितलं, डाव्याची शिलाई अंगठ्यानं दाबून बघितली, आणि विचारलं, “झालं काय मंग सिलेक्शन?”